पाचच्या गाडीची गाठ

जे लिहायला बसलो आहे ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आईला एकदा सांगावंसं वाटलं होतं, तिच्या शेवटच्या आजारात. पण मी तोंड उघडायच्या आधी तिनेच माझा हात धरला आणि म्हणाली, "भाऊचे उपकार इसरू नको, बाप्पा." मी हात सोडवून घेतला आणि औषध आणायला गेलो. औषध घरात होतं.

भाऊ म्हणजे आमचे आमदार. वर्धा जिल्ह्यातल्या एका मतदारसंघातून पाच वेळा निवडून आलेले. मतदारसंघाचं नाव लिहीत नाही, माझ्या गावाचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. मी अठरा वर्षं त्यांचा स्वीय सहायक होतो. लोक मला पीए म्हणत. भाऊ मात्र "बीए" म्हणत, कारण आमच्या अख्ख्या खानदानात बी.ए. झालेला मी पहिला. "आमचा बीए लिवून घेईल," असं ते लोकांना सांगत तेव्हा त्यांच्या आवाजात कौतुक असे. माझ्या वडिलांच्या आवाजातही इतकं कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या महिन्यात भाऊ वारले. श्रद्धांजली सभेत मला बोलायला लावलं. मी त्यांच्या दुपट्ट्याच्या गाठींची गोष्ट सांगितली. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. माझाही आवाज भरून आला — आणि लोकांना वाटलं, काय निष्ठेचा माणूस आहे! बोरगाव मेघेला, आता राहतो त्या घरी परतताना बायको म्हणाली, "किती चांगलं बोलले तुम्ही." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी हा कागद घेतला.

गाठींची गोष्ट तुम्हालाही सांगतो. सभेत सांगितली तेवढी आधी. मग राहिलेली.

भाऊ सातवीपर्यंत शिकलेले. पहिली निवडणूक सायकलवर फिरून लढले आणि पडले. दुसरी जिंकले. मंत्री कधी झाले नाहीत, त्यांना कोणी केलं नाही, आणि त्यांनीही कोणाच्या दारात उभं राहून मागितलं नाही. मुंबईच्या आमदार निवासातली त्यांची खोली म्हणजे गावाकडच्या आजारी माणसांची धर्मशाळा होती. पलंगावर पेशंट, खाली सतरंजीवर भाऊ. नागपूरच्या अधिवेशनात ते शेवटून दुसऱ्या बाकावर बसत. मोठी भाषणं केली नाहीत. प्रश्न विचारत ते रस्त्याचे, विजेच्या डीपीचे, एस.टी.चे.

त्यांच्या खांद्यावर कायम एक पांढरा सुती दुपट्टा असायचा. गावात कोणी काम सांगितलं, आणि ते खरंच करायचं असं भाऊंनी ठरवलं, की ते त्या माणसाच्या डोळ्यांदेखत दुपट्ट्याला गाठ मारत. "घे, बांधली." बस. अर्ज घेतला तर लोकांना भरवसा वाटत नसे, अर्ज काय कोणीही घेतो. पण भाऊंनी गाठ मारली की माणूस घरी जाऊन सांगे, काम झालं.

सांजच्याला जीपमध्ये बसलो की भाऊ पुढच्या सीटवरून दुपट्टा मागे माझ्याकडे देत. मी रजिस्टर उघडायचो. डाव्या टोकापासून एकेका गाठीला हात लावायचा आणि म्हणायचं, "भाऊ, पहिली." ते डोळे मिटून सांगत. "शाळेच्या मागची भिंत." "दुसरी." "सीताबाईचं निराधारचं प्रकरण, तलाठ्याले बोलजो." असं दहा-बारा गाठींपर्यंत. एक नियम होता — आधी लिहायचं, मग गाठ सोडायची. उलटं कधीही नाही. आणि एकदा मी लिहिलं की भाऊ ते काम डोक्यातून काढून टाकत. "नवीन मावायले जागा पाह्यजे ना बे," म्हणायचे. माणसं, नाती, कोणाच्या पोरीचं सासर कुठलं, हे ते कधी विसरले नाहीत. पण कामं त्यांनी माझ्या रजिस्टरात ठेवली होती. म्हणजे माझ्याकडे ठेवली होती.

सगळ्या गाठी सुटल्याशिवाय काकू, म्हणजे भाऊंच्या पत्नी, दुपट्टा धुवायला टाकत नसत. दारातच विचारत, "झाल्या का सोडून?" मी "हो काकू" म्हणालो की मगच दुपट्टा बादलीत.

इथपर्यंत सभेत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रद्धांजली सभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजवल्या.

आता — कुठून सुरू करू?

आमचं घर भाजीपाला लावणाऱ्यांचं. एकरभर ओलित, त्यात वांगी, मेथी आणि भेदरं. टोमॅटोला आमच्याकडे भेदरं म्हणतात. सकाळी आईबरोबर बाजारात टोपली पोचवून मी तसाच शाळेत जायचो. शर्टाला लाल डाग असायचे. त्यावरून माझं नाव पडलं — भेदऱ्या. नाव पाडलं गजाननने. तो माझ्याच बाकावर बसायचा, त्याचं वावर आमच्या वावराला लागून. मला कोणी मारलं तर तोच आधी धावून यायचा. तरी नाव त्यानेच पाडलं.

मी पुढे कॉलेजला जाऊ शकलो ते एका एस.टी.मुळे. आमच्या गावावरून सकाळी सहाची गाडी भाऊंनी पहिल्यांदा निवडून आल्यावर सुरू करून घेतली होती. ती नसती तर मी आज भेदरं विकत असतो. यात कमीपणा काही नाही, पण मला तेव्हा तो वाटायचा, हेच तर सांगायचं आहे. बी.ए. झाल्यावर मी पेढे घेऊन भाऊंकडे गेलो, गाडीबद्दल आभार मानायला. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "अक्षर कसं हाये तुयं?" तिथेच एक पत्र लिहायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे.

म्हणजे बघा — ज्या माणसाच्या एका गाडीने मी घडलो, त्याच माणसाची दुसरी एक गाडी मी अडवली. हे सरळ सांगून टाकलं, बरं झालं. पण एवढंच असतं तर मी कागद घेतला नसता.

भाऊंची पाचवी टर्म. आमच्या गावाचा दौरा होता, दिवसातला पहिलाच. ग्रामपंचायतीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. नायब तहसीलदार आले होते, बांधकाम विभागाचे एक तरुण इंजिनिअर होते. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, रजिस्टर काखेत धरून भाऊंच्या मागे उभा. आपल्याच गावात असं उभं राहायला काय वाटतं ते ज्याने अनुभवलं त्यालाच माहीत. आई समोरच्या ओट्यावरून बघत होती.

तेवढ्यात गजानन आला. वावरातून सरळ आला होता, पायाला चिखल. आधी माझ्याकडेच वळला.

"काऊन बे भेदऱ्या! मोठा साहेब झाला तू तं. वळखून बी नाई राह्यला?" आणि इंजिनिअरकडे बघून, "साहेब, याच्या शर्टावर पाहा बरं, डाग असन कुठंतरी."

सगळे हसले. इंजिनिअर हसले, तहसीलदार हसले. ओट्यावरची माझी आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. आणि भाऊ — भाऊ तर पोट धरून हसले. "भेदऱ्या? अरे वा! हे तं मले माईतच नव्हतं."

गजाननच्या मनात काही नव्हतं. तो बाकावरचाच गजानन होता. माझा चेहरा मात्र लाल झाला असणार, म्हणजे पुन्हा भेदऱ्याच.

मग त्याने काम सांगितलं. त्याची वैष्णवी तालुक्याला अकरावी सायन्सला होती. गावच्या आणखी तिघी पोरी तिच्यासोबत. प्रॅक्टिकल साडेचारला सुटायचं. गावाकडची गाडी साडेतीनला निघून गेलेली, त्यानंतरची एकदम सात वाजता, आणि तीही फाट्यापर्यंतच. फाट्यापासून तीन किलोमीटर पायी, अंधारात. "पाचची एक गाडी करून द्या भाऊ. पोट्टी हुशार हाये माही. पण अंधाराचं तिच्या मायले भेव वाटते. दोन महिने पाह्यतो, नाई तं घरी बसवतो."

भाऊंनी गाठ मारली. डाव्या टोकाला, दिवसातली पहिली. "घे, बांधली."

संध्याकाळी जीपमध्ये दुपट्टा माझ्याकडे आला. दिवसभर ड्रायव्हर मला "भेदरे साहेब" म्हणत होता आणि प्रत्येक वेळी भाऊ खुदकन हसत होते. मी पहिल्या गाठीला हात लावला. भाऊंनी डोळे मिटूनच सांगितलं. मी ऐकलं. आणि लिहिलं नाही.

गाठ सोडली. "दुसरी," म्हणालो.

इतकंच. दोन सेकंदांचं काम. मी ती कायमची न लिहिता ठेवणार नव्हतो — असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. महिनाभर राहू दे, थोडा फिरू दे त्याला, मग लिहीन. डेपोला फोन करायचा होता, दुसरं काय होतं? महिन्याने केला असता. कोणाचं काय बिघडणार होतं?

मी स्वतः त्या वयात सहाच्या गाडीसाठी पहाटे पळत जायचो. एक गाडी काय असते हे त्या जीपमध्ये माझ्याइतकं कोणाला कळत होतं?

पंधरा-वीस दिवसांनी गजाननचा फोन आला. "काय रे, गाडीचं काय?" मी म्हणालो, काम चालू आहे. आणखी काही दिवसांनी पुन्हा आला. या वेळी त्याचा आवाज बदलला होता. म्हणाला, "साहेब, जरा भाऊले याद देजा ना." साहेब. भेदऱ्या नाही — साहेब. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते वाटलं होतं हे खरं आहे. फोन ठेवल्यावर मी टेबलावरची पाण्याची बाटली उगाच सरळ करून ठेवली, ते अजून आठवतं.

महिना झाला तेव्हा लिहायला बसलो होतो. मग लक्षात आलं, त्या तारखेचं पान भरून गेलं आहे. आता लिहिलं तर नवीन तारखेखाली येणार, आणि भाऊ विचारणार, ही गाठ कधीची? दर महिन्याला ते माझ्याकडून रजिस्टर वाचून घेत. त्यांचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून वाचन लांबलं होतं, पण पुढे होणारच होतं. मी पेन बंद केलं. गुपचूप डेपोला एक फोन तरी करता आला असता की नाही? आला असता. तोही केला नाही. भाऊंचं नाव न घेता केला तर ऐकणार कोण, आणि घेऊन केला तर मॅनेजर उलट भाऊंशी बोलणार. भीती अशी बारीक-बारीक हिशेब करते, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच येतं — आज नको.

पाच महिन्यांनी भाऊंची सभा आमच्या गावात झाली. निवडणूक जवळ येत होती. ऑपरेशननंतर भाऊ काठी घेऊन उभे होते. भाषण संपायच्या आत गजानन उठला. या वेळी तो माझ्याकडे वळला नाही.

"भाऊ, पाचच्या गाडीचं काय झालं? तुम्ही माह्यासमोर गाठ मारली होती. पोट्टी घरी बसवली मी. परवा पाव्हणे येऊन गेले, सोयरीक बी झाली तिची."

भाऊंनी दुपट्ट्याची टोकं चाचपली, जशी काही गाठ अजून तिथे असेल. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नेहमीसारखंच, बीए सांगेल म्हणून.

"लिवलं होतं ना रे?"

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं — भाऊ, माझ्याकडून राहिलं. गावाने शिव्या दिल्या असत्या. गजाननने कदाचित गालफडात मारली असती. भाऊंनी काढून टाकलं असतं का? मला नाही वाटत. त्यांनी आयुष्यात कोणाला काढलं नव्हतं. समोर आई बसली होती.

मी म्हणालो, "भाऊ, गाठ होती. पण कशाची ते तुम्हाला आठवलं नाही. मी विचारलं होतं. तुम्ही म्हणाले, राहू दे, आठवल्यावर सांगतो."

एवढं लांब, एवढं नीट खोटं मला तयार मिळालं कुठून, मला आजही कळत नाही.

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते म्हणतील, खोटं बोलून राह्यला तू. पण त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल शंका नव्हती. ते स्वतःच्या आत काहीतरी शोधत होते, आणि ते सापडत नव्हतं. सापडणार कसं? सांगून झालेलं काम ते डोक्यातून काढून टाकत होते. माझ्या भरवशावर.

मग त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि गजाननला हात जोडले. "माही चूक हाये बाप्पा. मी इसरलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः डेपोत जाऊन बसले. आठ दिवसांत पाचची गाडी सुरू झाली. आठ दिवस! इतकं सोपं काम होतं ते. बाकीच्या तिघी पोरीही घरी बसल्या होत्या, त्या पुन्हा कॉलेजला जाऊ लागल्या. वैष्णवीची सोयरीक झालेली होती.

आणि गावागावांत एक वाक्य फिरू लागलं: "भाऊले आता याद राह्यत नाई." भाऊंवर कधीच कोणाला काही बोलायला सापडलं नव्हतं, ते मी दिलं. पक्षातल्या इच्छुकांनी ते उचललं. बैठकीत कोणीतरी हसत म्हणे, "भाऊ, आजची तारीख सांगा बरं." भाऊही हसत. पण हळूहळू त्यांनी गाठी मारणं सोडलं. खिशात छोटी वही ठेवू लागले, ज्या माणसाला अक्षर लिहायला कंटाळा यायचा तो माणूस. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहीत. पूर्वी गर्दीत कोणालाही नावाने हाक मारायचे, आता ओळखीच्या माणसाचीही आधी माझ्याकडे बघून खात्री करून घ्यायचे. "हा रामरावचाच ना रे?" हो भाऊ, रामरावचाच. त्यांना नाव बरोबर आठवलेलं असे. प्रत्येक वेळी बरोबर असे.

काकूंनी आग्रह केला म्हणून नागपूरला डॉक्टरला दाखवलं. सोबत मीच होतो. डॉक्टरने बरंच काही विचारलं, चित्रं ओळखायला लावली, आणि म्हणाला, सगळं उत्तम आहे, काही आजार नाही. काकूंना हायसं वाटलं. जीपमध्ये भाऊ मला म्हणाले, "डाक्टरले काय समजते? मले माईत हाये ना, त्या दिवशी काय झालं ते." मी खिडकीबाहेर बघत होतो. सेलूच्या पुढे कपाशी फुटली होती, इतकंच आठवतं.

तिकीट त्यांना मिळालं असतं, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. त्यांनीच नको म्हणून कळवलं. कार्यकर्ते रडले, पायावर पडले. भाऊ म्हणाले, "लोकायची कामं इसरणारा आमदार काय कामाचा?" आमदारकीच्या लेटरहेडवरचं त्यांचं शेवटचं पत्र माझ्यासाठी होतं. एका संस्थेच्या कॉलेजात मला कारकुनाची जागा मिळावी म्हणून. मजकूर त्यांनी सांगितला, अक्षर माझंच. "याच्या हाती दिलेले काम कधीही राहत नाही." हे वाक्य मी स्वतः, माझ्या हाताने लिहिलं. नोकरी मिळाली. त्याच नोकरीवर बोरगाव मेघेला घर बांधलं. मुलगा इंजिनिअर झाला.

वैष्णवी आमच्या इथल्या आठवडी बाजारात बसते. सासरचाही भाजीपाल्याचाच धंदा. कपाळावर घाम, पुढ्यात तराजू. मला दुरूनच ओळखते. "काका, या ना. बाबा तुमची बम याद काढतात." माप झाल्यावर वरून दोन भेदरं जास्तीची टाकते. मी नको म्हणतो, ती ऐकत नाही. एकदा म्हणाली, "काका, माहं लेक्रू आकडेमोड माह्यासारखंच फटाफट करते." मी पिशवी घेतली आणि निघालो. कधी कधी मी दुसऱ्या रस्त्याने जातो. कधी मुद्दाम त्याच रस्त्याने जातो. का, ते माझं मलाच माहीत नाही.

इथे थांबता आलं असतं. अपमान झाला, भीती वाटली, नोकरीचा प्रश्न होता — तुम्ही कदाचित समजूनही घेतलं असतं. म्हणूनच थांबत नाही.

भाऊ जायच्या बारा-पंधरा दिवस आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. दुपारची वेळ. काकू आत चहा टाकत होत्या. भाऊ पलंगावर उशीला टेकून बसले होते, अंगाने अगदी लहान झालेले. मला बघून नेहमीसारखं, "ये बीए." माझ्या मुलाच्या कंपनीचं नाव विचारलं नाही, सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं विचारलं. कोणता डोळा तेही बरोबर.

मग म्हणाले, "एक इचारू का तुले? रागाऊ नको."

मी म्हणालो, विचारा.

"ते पाचच्या गाडीचं. इतके वर्सं झाले, पण मले राहून राहून वाटते का मी तुले सांगितलं होतं. जीपमंदी. तू मांगं बसला होता. सांगितलं होतं का रे मी?"

आता बघा. माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. आई गेली होती. घर झालं होतं, मुलगा मार्गी लागला होता. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. खरं सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? काहीच नाही. मला कशाचीही भीती नव्हती. भाऊंना मात्र काहीतरी परत मिळालं असतं. आपलं डोकं शेवटपर्यंत जागेवर होतं, आपण विसरलो नव्हतो, आपण उगाच घरी बसलो — नाही, हे शेवटचं त्यांना कळलं असतं तर त्रास झाला असता, असं मी मनाला सांगून पाहिलं आहे. पटलं नाही. त्यांनी विचारलं होतं. त्यांना कळून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "नाही भाऊ. सांगितलं नव्हतं."

ते हसले. मान हलवली. उशाखालून ती छोटी वही काढली, चष्मा शोधला, पान काढलं. त्यावर त्यांच्या वाकड्या अक्षरात तीन-चार ओळी होत्या. एक ओळ होती — बीएले इचारने, पाचची गाडी. त्यांनी तिच्यावर हळूच काट मारली आणि वही मिटली. "चला. तेवढा एक घोर होता," म्हणाले. काकू चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायलो. निघताना पाया पडलो, आणि त्यांनी पाठीवर हात ठेवला.

श्रद्धांजली सभेतही मी बोललो, "शेवटच्या काळात भाऊंची स्मरणशक्ती थोडी साथ देत नव्हती, पण माणसांवरचं प्रेम तसंच होतं." गजानन मागच्या रांगेत बसला होता. त्याने मान डोलावली.

गाठ मारली त्या संध्याकाळी जीप एका नाल्यावरून उतरत होती. भाऊंनी डोळे मिटले होते. मी डाव्या टोकाला हात लावून म्हणालो, "भाऊ, पहिली." आणि भाऊंनी सांगितलं, अगदी स्वच्छ, एकही शब्द न अडखळता —

"पाचची गाडी. गजाननच्या पोरीसाठी. उद्याच डेपोत फोन लावजो, इसरू नको."